उभ्या घोड्यावरून

“एजे, तुम्ही घोड्यावरून शेवटचं कधी पडलात?”

प्रश्न हवेत गेल्यावर पेरिझातच्या लक्षात आलं की तो तिनेच विचारलाय. आवाज तिचाच होता आणि जीभही तिचीच, नुकतीच गरम चहाने पोळलेली. समोर बसलेल्या रायकान एजे, म्हणजे रायकानताई, तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू कुणी टेबलावर जिवंत मेंढी आणून उभी केलीय. त्यांच्या शेजारी कुबात होता, कंपनीच्या घोड्यांचा सगळा कारभार बघणारा. तो खिडकीबाहेर बघू लागला. खिडकीबाहेर एक भिंत होती. ती तो फार मन लावून बघत होता.

आता गाडी इथवर कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर वाटेल की पोरगी मुळातच आगाऊ आहे. आगाऊ ती थोडी होतीच, पण त्या दिवशी ती तयारी करून आली होती. सगळा घोळ त्या तयारीनेच केला.

पेरिझात किर्गिझस्तानातल्या काराकोलची, दहावीतली. तिचे वडील, म्हणजे तिचे आके, लोकांची धुलाई यंत्रं दुरुस्त करायचे. दुकान होतं डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दर उन्हाळ्यात त्या रस्त्यावरून परदेशी पाहुण्यांना घेऊन घोड्यांची रांग वर जायची, जायलोवर, उन्हाळी कुरणात. सगळ्यात पुढे कुणीतरी मुलगी असायची, मागे वळून पाहुण्यांशी इंग्रजीत बोलणारी. आणि पेरिझात दुकानाच्या दारात उभी असायची, हातात कुणाच्या तरी धुलाई यंत्राचं गंजकं पिंप. रांग गेली की रस्त्यावर घोड्यांची लीद उरायची आणि ती झाडायची कुणी, हे सांगायला नको.

यंदा आक्यांनी तिच्या उन्हाळ्याचा निकाल आधीच लावून टाकला होता. बिश्केकला काकांकडे जायचं, काकूंची जुळी सांभाळायची आणि संध्याकाळी हिशेबनिशी शिकायची. जुळ्यांबद्दल पेरिझातचं काही वाईट मत नव्हतं. जुळ्यांचं मात्र तिच्याबद्दल होतं. गेल्या वेळी दोघांनी मिळून तिची वेणी चावली होती.

म्हणून, त्या घोड्यांच्या कंपनीला वरच्या तळासाठी इंग्रजी येणारी मुलगी हवी आहे असं समजल्याबरोबर तिने फोन लावला. फोनवर एक पुरुष होता. त्याने नाव विचारलं, वय विचारलं, इंग्रजीची दोन वाक्यं बोलून घेतली आणि मग सहज म्हणाला, घोड्यावर बसता येतं ना? पेरिझात म्हणाली, “किर्गिझ मुलीला विचारताय हे?”

माणूस ओशाळला. चक्क माफी मागितली त्याने. सोमवारी मुलाखतीला या म्हणाला. पेरिझात फोन ठेवून आरशात स्वतःकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, काय बाई आहे ही.

खरी गोष्ट अशी होती की पेरिझात आयुष्यात एकदाच घोड्यावर बसली होती, नऊ वर्षांची असताना, आणि पडली होती. पडण्यात काही विशेष नाही, सगळेच पडतात. पण तिचा घोडा उभा होता. काका लगाम धरून उभे होते, घोडा गवत खात होता, वारासुद्धा पडलेला होता, आणि पेरिझात एका बाजूला हळूहळू कलत कलत, पोत्यातून बटाटे ओघळावेत तशी खाली आली होती. घरात कुठलंही कार्य असलं की जेवणं झाल्यावर काका ही गोष्ट चमच्याला पेरिझात करून सांगायचे. “घोड्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही,” हे त्यांचं शेवटचं वाक्य. तेवढ्यासाठी लोक जेवण उरकून पुढे सरकून बसायचे. त्यानंतर पेरिझात घोड्याच्या वाटेला गेली नव्हती. रस्त्यात घोडा दिसला तरी ती पलीकडच्या बाजूने जायची, आणि मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं दाखवायची.

आक्यांना ती म्हणाली की मला मुलाखतीला बोलावलंय. आके एका यंत्राच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. हात बाहेर न काढता त्यांनी सांगितलं की काकाला मी शब्द दिलाय, पण खरंच नोकरी मिळाली तर बघू. नाही मिळाली तर आठवडाअखेर बिश्केकची गाडी. आईने, म्हणजे आपाने, तेवढंच विचारलं की घोड्याचं काय. पेरिझात म्हणाली की हल्ली या नोकऱ्यांत घोडा नावालाच असतो. आपाने तिच्याकडे एकदा नीट बघितलं. ती दवाखान्यात नर्स होती, आणि आपल्याला काही झालेलं नाही असं सांगणारी माणसं रोज बघत होती.

मग तयारी सुरू झाली.

तयारीला कुंदुझ आणि नाझिक होत्या. तिघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. मोठ्या बाजारातल्या आशल्यानफूच्या, म्हणजे तिखट-आंबट गार शेवयांच्या, दुकानात कोपऱ्यातलं टेबल पकडून मुलाखतीचा सराव झाला. कुंदुझने आजीचा चष्मा आणला होता. तो लावून ती मालकीण झाली. चष्म्यातून तिला काही दिसत नव्हतं, त्यामुळे ती फार करारी दिसत होती. नाझिक कमी बोलणारी. ती मोबाइलवरून प्रश्न वाचून दाखवायची आणि मधेमधे पेरिझातच्या वाडग्यातल्या गार शेवया आपल्या वाडग्यात ओढायची.

“तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?” नाझिकने वाचलं.

पेरिझातने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली की मी फार बोलते, थापा मारते, सकाळी उठत नाही.

“वेडी आहेस का?” कुंदुझ चष्म्याआडून म्हणाली. “खरा दोष नाही सांगायचा. कौतुकाला दोषाचे कपडे घालून पाठवायचं.”

म्हणून असं ठरलं की पेरिझातने सांगायचं, मी जरा जास्तच काटेकोर आहे, बारीकसारीक गोष्टीसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाहीत. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान डोलावली.

शेवटी मोबाइलने असं सांगितलं की मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं विचारतात, तेव्हा गप्प बसू नये, धीट प्रश्न विचारावा. तिथे कुंदुझचे डोळे चमकले. चष्म्यामुळे दुप्पट मोठे चमकले. ती म्हणाली की विचार त्यांना, तुम्ही घोड्यावरून शेवटचं कधी पडलात. पेरिझात म्हणाली, अशाने मला हाकलून देतील. कुंदुझ म्हणाली, हिंमत नाही म्हण की. पेरिझातला दुसरं काहीही म्हटलेलं चालायचं, एवढंच चालायचं नाही. लगेच पैज लागली. पेरिझातने प्रश्न विचारला, तर शाळेचं वर्ष संपताना होणाऱ्या शेवटच्या घंटेच्या समारंभाला कुंदुझने केसांतल्या रिबिनीच्या पांढऱ्या फुलांवर आजोबांची उंच नमद्याची टोपी घालून सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं. नाही विचारला, तर पेरिझातने.

घरी सराव चालूच होता. कपाटाच्या आरशाचं दार नीट बसत नसे, ते आपोआप उघडायचं. त्यामुळे पेरिझात ज्या मालकिणीला उत्तरं देत होती ती हळूहळू डावीकडे निघून जायची आणि तिला चालत चालत उत्तर पूर्ण करावं लागायचं. डोक्यात चोवीस तास तेच. इतकं की रविवारी शेजारच्या बाई चहाला आल्या, तेव्हा घरातली धाकटी म्हणून किटली नेहमीसारखी पेरिझातच्या हातात होती, आणि ‘काटेकोर’ या शब्दाशी येईपर्यंत तिने बाईंचा पियाला काठोकाठ भरून टाकला.

आपाने पियाल्याकडे बघितलं, मग मुलीकडे.

“बाई आत्ता कुठे टेकल्यात,” ती म्हणाली. “इतक्यात वाटेला लावतेस त्यांना?”

पाहुण्याला अर्धा पियाला द्यायचा, परत परत भरायचा, म्हणजे बसा, अजून बसा. काठोकाठ भरला म्हणजे झालं, घ्या आणि निघा. हे पेरिझातला बोलता येण्याआधीपासून माहीत होतं. तिने जीभ चावली. बाई हसल्या आणि म्हणाल्या की असू दे, पोरगी मोठ्या नोकरीच्या विचारात आहे. पण त्या नेहमीपेक्षा लवकर उठल्या हेही खरं.

सोमवारी शाळा सुटल्यावर पेरिझात कंपनीच्या कार्यालयात पोचली. अंगात आपाचा पांढरा सदरा, पायात नाझिकच्या बहिणीचे उंच टाचांचे बूट. कार्यालयाच्या दारात खोगिरांचा ढीग होता आणि खाली गवताच्या काड्या. बुटाची टाच एका काडीवरून घसरली आणि ती दारातून आत आली ती जवळजवळ मुजरा करतच. कुबातने आधी बूट बघितले, मग तिला. फोनवर ओशाळलेला आवाज त्याचाच होता. तो फार अदबीने उठून उभा राहिला.

रायकान एजे साठीच्या, बुटक्या, उन्हाने रापलेल्या. कंपनी त्यांचीच. त्या टेबलामागे बसल्या होत्या, आणि टेबलावर, कागदपत्रांच्या मधोमध, किटली आणि तीन पियाले.

इथेच मोबाइलची सगळी अक्कल संपली. मोबाइलने सांगितलं होतं की पाठ ताठ ठेवा, हात मांडीवर ठेवा. खोलीतली सगळ्यात धाकटी मुलगी किटलीसमोर बसून हात मांडीवर कसे ठेवते, हे मोबाइलला विचारायला हवं होतं. एजेंनी पहिला प्रश्न विचारायच्या आत पेरिझातने किटली ओढून घेतली होती. एजेंना अर्धा पियाला, कुबातला अर्धा, स्वतःला जरासा. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट हातात किटली आल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. इंग्रजी विचारलं, तिने फडाफडा बोलून दाखवलं आणि पियाले भरले. पाहुणा आजारी पडला तर काय करशील, विचारलं. आपाच्या कृपेने तेही तिने झकास सांगितलं आणि पियाले भरले. एजे मान हलवत होत्या. जमतंय, पेरिझातला वाटलं. वरच्या कुरणातला वारासुद्धा लागायला लागला तिला.

मग एजे म्हणाल्या, “तुझ्यात दोष काय आहे, सांग बघू.”

हा तर पाठ. पेरिझातने एजेंचा रिकामा पियाला घेतला, किटली कलती केली, मान जराशी खाली घातली आणि दुःखी आवाजात सुरुवात केली की मी जरा जास्तच काटेकोर आहे, एजे, म्हणजे इतरांच्या लक्षात येत नाहीत अशा बारीकसारीक गोष्टीसुद्धा माझ्या नजरेतून...

कुबात खाकरला.

पेरिझातने खाली बघितलं. चहा काठाला टेकला होता. नुसता टेकला नव्हता, काठाच्या वर फुगून थरथरत होता, आणि तो भरलेला पियाला तिने दोन्ही हातांनी, अत्यंत आदराने, कंपनीच्या मालकिणीपुढे धरला होता. त्यांच्याच कार्यालयात.

रायकान एजेंनी पियाल्याकडे शांतपणे बघितलं.

“निघू मी?” त्या म्हणाल्या.

आरशासमोर इतके दिवस घासलेली उत्तरं पेरिझातच्या डोक्यातून घोड्यांच्या कळपासारखी उधळून गेली. काहीतरी करायला हवं होतं आणि लगेच करायला हवं होतं. तिने केलं ते असं, की तो पियाला परत घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला. सगळा. कढत. डोळ्यांतून पाणी आलं, कानांतून बहुधा वाफ. मग तिने रिकाम्या पियाल्यात अर्धा चहा ओतून तो एजेंपुढे ठेवला आणि बसली.

“काठोकाठ तर तूच प्यालीस,” एजे म्हणाल्या. “म्हणजे आता तुला निघावं लागणार.” त्या हसत होत्या की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. “जाण्याआधी काही विचारायचंय?”

आणि पोळलेल्या जिभेने, पाणावलेल्या डोळ्यांनी, सगळं संपलंच आहे तर निदान टोपी तरी आपल्या डोक्यावर नको, एवढ्या एकाच विचाराने पेरिझातने तो प्रश्न विचारला.

तर असं झालं होतं.

कुबातची भिंत बघून झाली नव्हती. एजेंनी अर्धा पियाला उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला.

“गेल्या आठवड्यात,” त्या म्हणाल्या. “खिंडीच्या उतारावर. घोडी घसरली, मी चिखलात. याने मला ओढून काढलं, आणि ते याने सगळ्या गावाला सांगितलंय. हो ना रे?”

कुबातने भिंतीलाच सांगितलं की सगळ्या गावाला नाही.

“आणि तू?” एजे म्हणाल्या. “तू शेवटची कधी पडलीस?”

या एका प्रश्नाची तयारी झाली नव्हती. कुंदुझला सुचला नव्हता, मोबाइललाही सुचला नव्हता. थाप मारायला भरपूर जागा होती. चांगली भरधाव घोडा, नदी, पलीकडे वीज कडाडतेय, अशी थाप जिभेवर आलीही होती, पण जीभ भाजलेली.

“नऊ वर्षांची असताना.”

“त्यानंतर एकदाही नाही?” कुबात कौतुकाने वळला.

“त्यानंतर बसलेच नाही.”

कुबातच्या चेहऱ्यावर फोनवरची ती माफी आठवल्याचं स्पष्ट दिसलं. रायकान एजे मात्र पुढे वाकल्या, दवाखान्यात आपा वाकते तशा, आणि विचारलं की घोडा फार जोरात होता का.

“उभा होता, एजे,” पेरिझात म्हणाली. “गवत खात होता.”

आधी कुबात फुटला. मग एजे. त्या हसल्या की खांद्यांपासून हसायच्या, आवाज नंतर यायचा. पेरिझातने ठरवलं होतं की आपण हसायचं नाही, आपलं आयुष्य बुडालंय. पण चमच्याला पेरिझात करणारे काका तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि कुणास ठाऊक कसं, तिने टेबलावरचा चमचा उचलला आणि ती सगळी पडझड स्वतः करून दाखवली. कलणं, आणखी कलणं, बटाट्यासारखं ओघळणं. शेवटचं वाक्यसुद्धा म्हटलं. “घोड्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.” गंमत म्हणजे, स्वतः सांगताना ते जरासुद्धा टोचलं नाही.

हसू ओसरल्यावर एजेंनी डोळे पुसले आणि कामाचं बोलल्या. वरच्या तळावर येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो की मला घोडा येतो, आणि खरं काय ते आम्हाला घोड्याकडून कळतं. घोड्याच्या आधी स्वतः सांगणारी तू पहिलीच. तरीपण घोडा न येणारी मुलगी मी पाहुण्यांच्या पुढे घालू शकत नाही. तेव्हा दोन गोष्टी आहेत. इथे, या कार्यालयात, पाहुण्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायला माणूस हवं आहे. ते काम आजपासून तुझं. नाहीतर रविवारी तळ वर निघतो, कुबातबरोबर ये. एक म्हातारी घोडी आहे, तिच्यावर शीक. पाहुणे यायला लागेपर्यंत वाटेतली नदी घोडीवरून ओलांडता आली तर उन्हाळाभर तू रांगेच्या पुढे. नाही आली तर खाली परत, आणि तोवर ही खुर्ची दुसऱ्या कुणाला दिलेली असेल.

“उद्या सांग,” त्या म्हणाल्या. “आणि ते बूट घालून येऊ नकोस.”

बाहेर कोपऱ्यावर दोघी थांबल्या होत्या. सगळं ऐकून कुंदुझ आधी टोपीच्या दुःखात बुडाली. मग सावरून म्हणाली की कार्यालय घे, त्यात विचार कसला करायचा. खुर्ची आहे, सावली आहे, इंटरनेट आहे, आके काकांना सांगू शकतील की मुलीला नोकरी लागली, आणि जुळ्यांपासून सुटका. वर गेलीस आणि नदीत पडलीस तर सगळंच गेलं, सरळ बिश्केक. नाझिक बहिणीचे बूट तपासत होती. ती म्हणाली, “पडणार तर आहेच ती. प्रश्न एवढाच, की घोडा चालत असेल की उभा.”

पेरिझात बूट परत देऊन नुसत्या मोज्यांवर घरी निघाली. कुंदुझचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता. वाटेत आक्यांच्या दुकानाजवळ एक घोडा बांधलेला होता, कुणी गिऱ्हाईक यंत्र घेऊन आलं असावं. पलीकडच्या बाजूने जायला ती सवयीने वळली, मोबाइलसुद्धा काढला. मग मोबाइल खिशात घातला आणि सरळ त्याच्या बाजूने गेली. पार खेटून वगैरे नाही, एवढी शूर ती अजून झाली नव्हती. पण त्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून. घोड्याने मान वळवून बघितलं.

घरी चहा मांडला होता. आके हात धुऊन आले होते तरी बोटांना तेलाचा वास होता. आपाने पाव तोडून ठेवला होता, साय काढली होती. पेरिझात किटलीपाशी बसली. आक्यांना अर्धा पियाला दिला. आपाला अर्धा दिला. दोघांनी घोट घेतले. आपाचं तिच्या पायांकडे लक्ष गेलं होतं, आणि आके सायीवर साखर इतकी हळू पसरत होते की त्यांना किती विचारायचंय ते दिसतच होतं.

मग पेरिझातने स्वतःचा पियाला घेतला आणि ओतायला लागली. अर्ध्यावर थांबली नाही. चहा वर येत गेला, काठाला लागला, काठावर फुगून थरथरला. या वेळी तिचं पूर्ण लक्ष होतं.

आक्यांची साखर थांबली.

“हा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“माझा,” पेरिझात म्हणाली. “खाली खुर्ची देत होत्या, ती मी घेणार नाही. काकांना फोन करून सांगा, मी बिश्केकला येत नाहीये. रविवारी मी जायलोवर जातेय, चालत्या घोड्यावरून पडायला.”